खाणकामगारांच्या घरचा पास्ता

पास्ता म्हटलं की आपल्याकडे इटलीच आठवते. टोमॅटोचा रस्सा, किसलेलं चीज, बेसिलची पानं असा सगळा सरंजाम त्या नावामागोमाग येतो. याच इटलीच्या ईशान्य सीमेला लागून स्लोव्हेनिया हा जेमतेम 20 हजार चौरस किलोमीटरचा देश आहे. त्याच्या पश्चिम भागात, डोंगरांच्या बेचक्यात, इद्रिया नावाचं गाव आहे. तिथल्या घराघरांत जो पास्ता होतो त्यात या सरंजामातलं काहीच नसतं. अंगठ्याच्या पेराएवढा, दोन्ही बाजूंना कान असलेल्या टोपीच्या आकाराचा, आणि पोटात बटाट्याचं सारण. त्याचं नाव झ्लिक्रोफी.

हे सारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोड्यात टाकतं. मैद्याच्या पारीत मांस, पालक, चीज भरलं तर समजू शकतं. पण मैद्यात बटाटा म्हणजे पिष्टात पिष्टच. कागदावर वाचताना पदार्थ सपक वाटतो आणि एवढ्याशा टोप्या एकेक करून वळण्याची मेहनत व्यर्थ वाटते. तरीही इद्रियात लग्नाला, सणाला, घरी पाहुणा आला की मान याच पदार्थाचा असतो. 2010 साली युरोपीय संघाने त्याला संरक्षित पारंपरिक पदार्थांच्या यादीत घेतलं. हा मान त्याला का मिळाला हे कळायला आधी इद्रिया कळायला हवं, आणि इद्रिया म्हणजे पारा.

गावात सांगितली जाणारी गोष्ट 1490 सालची आहे. लाकडी बादल्या आणि टोपं बनवणाऱ्या एका कारागिराने नवं भांडं फुगून घट्ट बसावं म्हणून ओढ्याच्या पाण्यात ठेवलं. उचलायला गेला तर तळाशी चकाकणारे, विलक्षण जड थेंब साठलेले. तो होता निसर्गात क्वचितच मोकळा सापडणारा पारा. पुढे 22 जून 1508 रोजी हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाचा, समृद्ध थर लागला आणि गावाचं भवितव्य ठरून गेलं. तो दिवस इद्रियात आजही साजरा होतो. पुढची जवळजवळ पाचशे वर्षं माणसं इथे जमिनीखाली उतरत राहिली. खाण सुमारे 400 मीटर खोल गेली, बोगद्यांची एकूण लांबी 700 किलोमीटरच्या घरात पोचली, आणि 1 लाख टनांहून अधिक पारा निघाला. माणसाने आजवर काढलेल्या पाऱ्यापैकी साधारण 13 टक्के या एका दरीतून आला आहे. याहून मोठी खाण जगात एकच, स्पेनमधली अल्मादेन. 2012 साली युनेस्कोने या दोन खाणींना मिळून जागतिक वारसा जाहीर केलं.

खाण पुढे ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या मालकीची झाली आणि तिच्यातून येणारा पैसा त्या घराण्यासाठी फार मोलाचा होता. त्यामुळे या आडबाजूच्या दरीत त्या काळची उत्तम यंत्रं आली, शिकलेली माणसं आली. खाणीत झिरपणारं पाणी उपसण्यासाठी 1790 साली बांधलेलं 13.6 मीटर व्यासाचं लाकडी पाणचक्र अजून उभं आहे. ते पाहिलं की त्या काळच्या सुतारांपुढे हात जोडावेसे वाटतात. खाणीचा पहिला डॉक्टर म्हणून 1754 साली जोव्हान्नी अन्तोनिओ स्कोपोली इथे आला आणि पंधरा वर्षं राहिला. पाऱ्याच्या वाफेने कामगारांचे हात थरथरतात, तोंडाला सतत लाळ सुटते, दात ढिले होऊन पडतात, हे त्याने जवळून पाहिलं आणि 1761 च्या ग्रंथात नोंदवलं. गाडी लागू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या स्कोपोलामिन या औषधाच्या नावात हाच स्कोपोली आहे. औषध ज्या वनस्पतींच्या प्रजातीवरून ओळखलं गेलं, तिला त्याचं नाव दिलेलं होतं.

अशा गावात जेवायला काय असायचं? दरी अरुंद, उतार तीव्र. भाजीपाल्याचे वाफे, एखादी शेळी, डुक्कर एवढं जमायचं. गव्हाची शेती करण्याजोगी सपाट जमीन नव्हती. राबणारी तोंडं मात्र हजारोंनी. धान्य बाहेरून यायचं, आणि ते वेळेवर मिळालं नाही तर खाण बंद पडेल हे प्रशासनाला ठाऊक होतं. म्हणून खाणीने गावच्या मुख्य चौकात स्वतःचं धान्यकोठार बांधलं. अठराव्या शतकातली ती भक्कम इमारत आजही तिथे आहे. ज्या गावात पीठ कोठारातून मोजून घरी यायचं, तिथल्या गृहिणीला मूठभर मैद्याची किंमत किती असेल ते सांगायला नको.

मग आला बटाटा. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या काळात हाब्सबुर्ग मुलुखात त्याच्या लागवडीचा आग्रह धरला गेला. सुरुवातीला शेतकऱ्यांनी तो मनावर घेतला नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पडलेल्या दुष्काळांनंतर त्याने इथल्या स्वयंपाकात कायमचं ठाण मांडलं. मला यातला एक योग फार लक्षणीय वाटतो. अमेरिका खंडातल्या स्पॅनिश वसाहतींमध्ये चांदी वेगळी काढायला पारा लागायचा आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनने त्यासाठी इद्रियाचाही पारा विकत घेतला. म्हणजे या दरीतली मौल्यवान वस्तू समुद्रापार गेली, आणि त्याच खंडातून आलेल्या एका कंदाने दरीतल्या माणसांची पोटं भरली. बटाटा उतारावरच्या वाफ्यातही येतो, थंडी सोसतो, तळघरात महिनोन्महिने टिकतो. पीठ थोडं, बटाटा पुष्कळ, जोडीला हिवाळ्यात कापलेल्या डुकराची राखून ठेवलेली चरबी. झ्लिक्रोफीचं सगळं साहित्य या हिशेबात बसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा पदार्थ इद्रियात रुळल्याचं मानलं जातं.

आता त्या कोड्याकडे परत येऊ. सारणासाठी मांस आणायला पैसे नव्हते, बटाटा होता. पीठ मोजकं होतं, म्हणून पारी शक्य तितकी पातळ हवी. या घरांत मुबलक होतं ते एकच, कुशल हात. खाणकामगारांच्या बायका आणि मुली घरच्या मिळकतीला हातभार म्हणून लाकडी फिरक्यांवर दोरे गुंफून लेस विणायच्या. 1876 साली इथे लेस विणण्याची शाळा निघाली आणि ती आजतागायत चालू आहे. स्लोव्हेनियाची ही विणकला 2018 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही गेली. दिवसभर केसाएवढ्या दोऱ्यांशी खेळणाऱ्या बोटांना तीन सेंटिमीटरची टोपी वळणं अवघड नव्हतं. गरिबाघरच्या जिनसांना सणाचं रूप द्यायचं तर त्यात श्रमाचीच भर घालता येते, आणि इद्रियाच्या बायकांनी नेमकं तेच केलं. सणाच्या दिवशी सगळं घर भोवती बसून टोप्या वळतं, त्यामागचं कारण हे आहे.

कृती सांगतो, कारण या पदार्थाचं सगळं शहाणपण कृतीत आहे. मान्यताप्राप्त प्रमाण साधारण असं: 300 ग्रॅम मैदा, एक-दोन अंडी, लागेल तसं पाणी किंवा दूध. सारणाला 500 ग्रॅम बटाटे, 50 ग्रॅम डुकराची धुरावलेली चरबी किंवा बारीक चिरलेलं बेकन, 50 ग्रॅम कांदा, मीठ, मिरी, चाइव्हज नावाची कांद्याच्या पातीसारखी बारीक पात, आणि मार्जोरम. हे आकडे नीट पाहा. बटाट्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच चरबी. पण ती धुरावलेली असल्याने तेवढीच पुरते. ती वितळवून त्यात कांदा परततात आणि गरम बटाट्यात कालवतात, तेव्हा धुराचा वास बटाट्याच्या कणाकणात शिरतो.

मैदा अंडी घालून भरपूर मळायचा. गोळा सुरीने कापला तर आत हवेची भोकं दिसता कामा नयेत, ही तिथली कसोटी आहे. मग गोळ्याला तेलाचा हात लावून, झाकून अर्धा तास तरी ठेवायचा. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि मग लाटताना पीठ मागे खेचलं जातं. मळताना ताणले गेलेले ग्लूटेनचे धागे या अर्ध्या तासात सैल होतात, त्यानंतर पोळी दोन मिलिमीटरपर्यंत न फाटता लाटता येते. सारणाच्या हेझलनटएवढ्या गोळ्या आधीच वळून ठेवतात. पोळीच्या कडेपासून थोडं आत, एकेका बोटाचं अंतर सोडून त्या ओळीने मांडायच्या, कड त्यांच्यावर दुमडून घ्यायची, आपण करंजीची कड दाबतो तशी पारी चिकटवायची, आणि गोळ्यांमधली जागा चिमटून तुकडे कापायचे. चिमटलेल्या जागी दोन्ही बाजूंना कान तयार होतात. शेवटी बोटाच्या टोकाने वरून हलकासा दाब द्यायचा, पारी मात्र फाटू द्यायची नाही. त्या खळगीने टोपीचा आकार पुरा होतो. तयार झ्लिक्रोफी साधारण तीन सेंटिमीटर लांब आणि मध्यभागी दोन सेंटिमीटर उंच असावी असा दंडक आहे.

हा आकार शोभेचा नाही. वरच्या खळगीत तूप, चरबी, रस्सा जे काही ओतू ते साठतं. कानांत नुसतंच पीठ असल्यामुळे ते दाताखाली चिवट लागतात, मधला भाग मऊसूत. एकाच घासात दोन पोत येतात आणि पिष्टात पिष्ट असूनही खाणारा कंटाळत नाही. गोळी छोटी ठेवण्यालाही कारण आहे. सारण आधीच शिजलेलं असतं, शिजायची फक्त पारी. टोपी मोठी केली तर आतवर उष्णता पोचायला वेळ लागतो आणि तोवर बाहेरची पारी पाणी पिऊन पिठूळ होते. छोट्या टोप्या खारवलेल्या उकळत्या पाण्यात सोडल्या की काही मिनिटांत वर येतात. मग एकदा ढवळायचं, पाण्याला पुन्हा एक उकळी येऊ द्यायची आणि लगेच झाऱ्याने काढून घ्यायच्या. ताटकळत ठेवल्या की वाया गेल्या.

वाढण्याचे प्रकार तीन. नुसत्या खायच्या तर वरून लोण्यात खरपूस परतलेला पावाचा चुरा, किंवा ओत्स्विर्की म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत कण. मांसाच्या पदार्थाशेजारी तोंडीलावण्यासारख्याही वाढतात. आणि इद्रियाचा खास थाट म्हणजे बाकाल्त्साबरोबर. बाकाल्त्सा हा कोकराच्या किंवा सशाच्या मांसाचा, भाज्या घालून मंद शिजवलेला दाट रस्सा. खळगीचं खरं काम तिथे कळतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा खाणाऱ्याने चुऱ्याबरोबरच खाव्यात. रस्सा चविष्ट असतो, पण मार्जोरम आणि धुरावलेला बटाटा यांची नाजूक जोडी त्यात दबते.

ही टोपी इद्रियात आली कुठून, याविषयी गावात एक कथा आहे की खाणीत कामाला आलेल्या कुटुंबांनी ती ट्रान्सिल्व्हेनियाहून आणली. खाणकामगार खरोखरच एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर जात, तेव्हा कथा अशक्य नाही. पण आजूबाजूला पाहिलं तर इतकं लांब जायची गरज वाटत नाही. उत्तरेला ऑस्ट्रियाच्या कॅरिंथिया प्रांतात दही-चीज भरलेला, कड सुबक मुरडलेला पास्ता आहे. टिरोलमध्ये पालक भरलेली अर्धचंद्राकृती पारी आहे. इटलीच्या फ्रिउली भागात गोड-तिखट सारणाचे चार्सोन्स आहेत. आल्प्स पर्वताच्या या दक्षिण अंगाला भरल्या पास्त्याची एक सलग पट्टीच आहे आणि झ्लिक्रोफी तिच्यात शोभून दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इद्रिया इटलीच्या ताब्यात गेलं आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत राहिलं, म्हणून हा पास्ता इटालियन असावा असा कुणाचा समज होऊ शकतो. तो चुकीचा आहे. झ्लिक्रोफी त्या राजवटीच्या कितीतरी आधीपासून तिथे होती, आणि शाळांतून स्लोव्हेन भाषा हद्दपार झाली त्या वर्षांतही चुलीवर तीच शिजत राहिली.

स्लोव्हेनियाच्या बाकी भागातही मैद्याच्या घरगुती पास्त्याची कमी नाही. रविवारच्या जेवणात गोमांसाचं निवळ सूप आणि त्यात घरच्या बारीक शेवया, हा तर तिथला जवळजवळ नेमच. पोळीचे चौकोनी तुकडे उकडून तांबूस परतलेल्या कोबीत घोळवले की झाले कर्पित्से, दहा मिनिटांत ताटात. पातळ पोळी कोरडी भाजून, तोडून, गरम पाण्यात भिजवून म्लिन्त्सी करतात. ते 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला हंसाच्या किंवा बदकाच्या मांसाबरोबर हवेतच. हे सगळे सोपे पदार्थ आहेत. झ्लिक्रोफीचं साहित्यही यांच्याइतकंच साधं, फक्त हात जास्त लागतात.

युरोपीय संघाच्या मान्यतेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात एक महत्त्वाचा भेद आहे. भौगोलिक मानांकन आपल्याला हापूस आणि पैठणीमुळे परिचयाचं आहे. त्यात नाव ठरावीक भूभागाशी बांधलेलं असतं, दुसरीकडच्या मालाला ते लावता येत नाही. झ्लिक्रोफीला मिळालेलं संरक्षण वेगळ्या जातीचं आहे. त्याला हमीप्राप्त पारंपरिक वैशिष्ट्य म्हणतात आणि ते जागेचं नसून पद्धतीचं असतं. साहित्य, प्रमाण, आकार, वळण्याची रीत हे सगळं लिहून नोंदवलेलं आहे. ते काटेकोर पाळून तपासणीला उतरणारा कुणीही, मग तो स्लोव्हेनियाच्या दुसऱ्या टोकाचा असो वा शेजारच्या देशातला, या नावाने माल विकू शकतो. बटाटा इद्रियाचाच हवा अशी अट नाही. मला हा निर्णय अगदी योग्य वाटतो. बटाटा कुठेही पिकतो, आणि गव्हाचं पीठ तर बाहेरूनच यायचं. या पदार्थात गावाचं स्वतःचं होतं ते हाताचं वळण, आणि नोंद त्याचीच झाली.

1970 च्या दशकात पाऱ्याचे भाव कोसळले. त्याच सुमारास पाऱ्याच्या विषाची जाणीव जगभर वाढत गेली आणि इद्रियाची खाण टप्प्याटप्प्याने बंद झाली. आता 1500 साली खोदलेल्या आन्तोनी बोगद्यातून कामगारांऐवजी प्रवासी आत जातात. ज्या खाणीमुळे गाव वसलं ती थांबल्यावर अशी गावं पुष्कळदा ओस पडतात. इद्रिया पडलं नाही. नवे कारखाने आले, लेसची शाळा चालू राहिली, आणि सणाच्या स्वयंपाकातून खानावळीच्या पाटीवर आलेली झ्लिक्रोफी गावाला पाहुणे मिळवून देऊ लागली. उन्हाळ्यात तिच्या नावाने मोठा उत्सव भरतो आणि गावच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी पातेली उकळत असतात.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात हा पदार्थ अवघड नाही. मैदा, बटाटा, कांदा, मिरी घरात असतंच. मार्जोरम शोधायला परदेशी मसाल्यांच्या दुकानात जायलाही नको. मार्जोरम म्हणजे आपला मरवा. अबोलीच्या गजऱ्यात जो गुंफतो आणि स्वयंपाकात सहसा वापरत नाही, तोच. कुंडीत असेल तर चार-पाच काड्यांची पानं खुडून, बारीक चिरून सारणात घाला, त्याहून जास्त नको, नाहीतर कडवटपणा येतो. चाइव्हजच्या जागी कांद्याची कोवळी पात चालेल. मांस न खाणाऱ्यांनी चरबीऐवजी लोणी घ्यावं आणि कांदा नेहमीपेक्षा गडद परतावा, म्हणजे धुराची उणीव थोडी भरून निघते. हळद, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचा मोह टाळा. ते घातलंत तर बटाटेवड्याचं सारण होईल, ते उत्तमच लागेल, पण ती झ्लिक्रोफी नसेल. अंडं नको असेल तर पीठ कोमट पाण्यात थोडं तेल घालून मळता येतं, मात्र मग विश्रांतीचा अर्धा तास पाऊण तास करा. आणि एकट्याने करायला बसू नका. अर्ध्या किलो बटाट्याच्या गोळ्या मोजायला लागलात तर लक्षात येईल की हे काम चार माणसांचं आहे.

कधी स्लोव्हेनियाला जाणं झालं तर ल्युब्ल्याना आणि ब्लेडचं तळं पाहून परत फिरू नका. ल्युब्ल्यानाहून इद्रिया साधारण 60 किलोमीटरवर आहे, वाट वळणांची पण सुरेख आहे. सकाळी खाण पाहा, दुपारी झ्लिक्रोफी मागवा, आणि मांसाशेजारची नव्हे, नुसत्या टोप्यांची भरलेली थाळी मागवा.